बाईंच्या अंघोळीचा सिलिंडर

गॅस एजन्सीत कारकुनी केलेल्या माणसाकडे किस्से नसतात, असा लोकांचा समज आहे. एस.टी.च्या कंडक्टरकडे ते पोत्यानं असतात, कोर्टातल्या शिरस्तेदाराकडे गाडीभर असतात. आमच्याकडे काय? भरलेला सिलिंडर गेला, रिकामा आला, संपला विषय! पण तसं नाही. किस्सेही रिकाम्या सिलिंडरांसारखेच. आवारात एकेक करून जमत राहतात, कुणी लक्ष देत नाही. मग एक दिवस एखाद्याला चुकून पाय लागतो, तो गडगडतो आणि त्याच्यामागोमाग सगळेच वाजायला लागतात.

परवा आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत एकजण घरी बसवलेल्या सोलरचं कौतुक सांगत होता. तोटी फिरवली की कढत पाणी! तेव्हा माझा पाय असाच लागला.

सत्तरच्या दशकात कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमची एजन्सी होती. अण्णा मालक आणि मी कारकून. गणपत हा फिटर, म्हणजे घरी जाऊन शेगडी जोडून देणारा. घरोघरी सिलिंडर पोचवायचं काम म्हादू पैलवानाकडे. गॅसला तेव्हा इतकी प्रतिष्ठा होती, की मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून शेगडी बघून घेत. मुलगी नंतर.

अशा काळात आमच्याकडे एक गिऱ्हाईक आलं. त्याला गॅस स्वयंपाकाला नको होता!

* * *

उद्यमनगरात बापूसाहेबांची फौंड्री होती. बापूसाहेब हे अण्णांचे साडू. एका सकाळी ते आले, न विचारता खुर्चीत बसले, माझ्या टेबलावरचं माझं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले,

"अण्णा, मी बुडालो."

झालं होतं असं. बापूसाहेबांनी जर्मनीहून नवी भट्टी मागवली होती. ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता, सोबत त्याची बायको. दोघांना ताराबाई पार्कात बंगला घेऊन दिला. पहिल्याच पहाटे तिथल्या कामवाल्या बाईनं हौसेनं तांब्याचा बंब पेटवला. धूर झाला. मडमबाई झोपेतून उठून धावत आल्या आणि आग लागली म्हणून बादलीभर पाणी बंबावर ओतून मोकळ्या झाल्या.

मग त्यांनी नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यानं बापूसाहेबांना. सकाळ-संध्याकाळ तोटी फिरवली की गरम पाणी आलं पाहिजे, धूर न होता. नाहीतर आपण परत चाललो. बायको चालली तर साहेबही चालला.

"विजेवर तापवा की," अण्णा म्हणाले.

"वीज कुठाय? सकाळी जाते ती दुपारी येते! जर्मनीत त्यांच्या गावी सिलिंडरवरच तापवतात म्हणे. ते यंत्र सामानातून घेऊनच आल्यात बाई. फक्त गॅस पाहिजे."

"थोडे दिवस थांबवा त्यांना."

"कसा थांबवू? जुनी भट्टी मोडून बसलोय. नवी पेट्यांत पडलीय आणि कुठला स्क्रू कुठं बसतो ते त्या एकट्याला ठाऊक. तो गेला, की मी कामगारांसकट रंकाळ्यावर भेळेची गाडी लावतो." बापूसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, लोखंडाचं पाणी करायला आलेला माणूस, आणि अडलाय कुठं, तर पाणी गरम होईना म्हणून!"

* * *

अण्णा धर्मसंकटात पडले. त्यांच्या लेखी गॅस म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. गोदामात ते चपला काढून जात. अंघोळीला गॅस म्हणजे तुपात पाय धुण्यातला प्रकार! एकीकडे अन्नपूर्णा आणि दुसरीकडे बायकोच्या बहिणीचा संसार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नियमात काय लिहिलंय हो?"

मी म्हणालो, "घरगुती वापरासाठी."

"स्वयंपाकासाठी असं नाही?"

"नाही. घरगुती."

अण्णांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. मग म्हणाले,

"बरोबर आहे. अंघोळ काय कुणी बाजारात करतं?"

कनेक्शन मंजूर झालं. परदेशात असतात तशी मोठमोठ्या वकिलांची फौज कोल्हापूरला का लागत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

* * *

गीझर बसवायला गणपत गेला. पांढराशुभ्र, कपाटाएवढा गीझर. गणपतनं भिंतीला भोक पाडून धुराची नळी बाहेर काढली, सिलिंडर बाहेर ठेवला, सगळं जोडलं. आणि पेटवायची वेळ आली तसा हात बांधून उभा राहिला.

मी भाषेसाठी म्हणून बरोबर गेलो होतो. म्हटलं, "अरे, पेटव."

"न्हाय."

"का?"

"नव्या अग्नीवर पयल्यांदा आंघुळीचं पाणी तापवत न्हाईत. नुसतं आंघुळीचं पाणी कवा तापवत्यात, ते तुमास्नी म्हाईत हाय. आदी कायतरी ग्वाड झालं पायजे."

साहेब मला विचारू लागला, प्रॉब्लेम काय आहे? मृताला घालायच्या अंघोळीबद्दल इंग्रजीत कसं सांगावं याचा विचार करून मी म्हणालो, "प्रथा आहे. आधी काहीतरी गोड शिजवावं लागतं."

साहेब मोठा समजूतदार. त्यानं गीझरला सगळ्या बाजूंनी निरखलं. यावर भांडं ठेवायला जागा नाही, ही गोष्ट त्यानं इंजिनिअर या नात्यानं मान्य केली. मग आतून किटली आणली, तिच्यात चहाची पूड आणि साखर टाकली आणि किटली गीझरच्या तोटीखाली धरली. गणपतनं हात जोडून काडी ओढली. भप्पकन जाळ झाला. तोटीतून वाफाळतं पाणी थेट किटलीत!

न्हाणीघरात उभं राहून आम्ही चौघांनी तो चहा घेतला. बाईंनी तर बिस्किटंही काढली. त्यांना बहुधा वाटलं असावं, की या देशात चहा न्हाणीघरातच घ्यायचा असतो.

परत येताना मी विचारलं, "कसा होता रे चहा?"

गणपत म्हणाला, "बरा हुता. पर त्येंचं घर हाय, आपण कशाला नावं ठिवा!"

* * *

चार माणसांच्या घरात सिलिंडर दीड-दोन महिने जायचा. बंगल्यावरचा आठवड्याभरात संपायला लागला. अण्णांना झोप येईना. त्यांनी गणपतला गळती बघायला पाठवलं.

गणपत साबणाचं पाणी घेऊन गेला, सांधा न् सांधा तपासला आणि परत आला.

"लीक न्हाय."

"मग गॅस जातो कुठं?"

"कामवाली म्हणत हुती, बाई न्हाणीत पुस्तक वाचत्यात."

"न्हाणीत?"

"टपात बसून. पाणी निवलं की परत तोटी सोडायची. परत निवलं की परत सोडायची. एक धडा झाला की बाहीर."

त्यांच्या घरी अंघोळ म्हणजे दोन तांबे आणि एक स्तोत्र. तेही तांब्यांच्या आधी संपायचं.

"पुस्तक केवढं आहे?"

"खिडकीत वाळत घातलं हुतं, मी बगितलं की. हे असलं जाड! आन् खुणंची दोरी अजून निम्म्यावर बी न्हाय."

अण्णा माझ्याकडे वळले. "त्यांचा पुढचा नंबर लावून ठेवा. पुस्तक संपेपर्यंत लावून ठेवा. आणि ते दोन भागांतलं नाही ना, तेवढं साहेबाला विचारून घ्या."

* * *

आमचा म्हादू पैलवान खांद्यावर सिलिंडर घेऊन जिना असा चढायचा, की वरच्या माणसाला वाटावं उशी घेऊन आलाय. त्याला या अंघोळीच्या गॅसबद्दल मनापासून वाईट वाटायचं. गॅस जातो म्हणून नव्हे, साहेबाची तब्येत जाते म्हणून!

"गरम पाण्यानं अंग ढिलं पडतंय," तो साहेबाला खुणांनी समजवायचा. एका हातानं तोटी फिरवल्यासारखं करून दुसऱ्या हाताचा दंड लोंबता सोडायचा.

साहेब जिज्ञासू. एका पहाटे तो म्हादूबरोबर तालीम बघायला गेला. ऐन थंडीचे दिवस. पोरं घामानं निथळत मातीतून उठत होती, आडावर जाऊन डोक्यावर घागरी ओतून घेत होती आणि अंगातून वाफा निघत होत्या. साहेब बघतच राहिला. या लोकांच्या अंगातच गीझर आहे, असं त्याला वाटलं असावं. त्यानं कोट काढला, शर्ट काढला आणि कुणी हां हां म्हणेपर्यंत एक घागर डोक्यावर रिकामी केली!

दुसऱ्या दिवशी साहेब अंथरुणात. ताप, खोकला, नाकाला पाण्याची धार. भट्टीचं काम बंद. बापूसाहेब म्हादूला घेऊन माफी मागायला बंगल्यावर गेले, मध्ये बोलायला मी. म्हादूनं साहेबाचे पाय धरले, पण माघार घेतली नाही.

"सायेब, चूक माजी हाय, पर थोडी तुमची बी हाय. आदी घाम काडायचा असतोय की! तुमी डायरेक घागर घेटलासा!"

मी याचं इंग्रजी केलं. साहेब खोकत खोकत हसला. बाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पलंगाखालून मोठी पेटी ओढल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

* * *

पेटी उघडी राहिली, पण भरली नाही. बाईंनी साहेबाला सांगितलं, भट्टी पेटेपर्यंत थांबते. मात्र तुला दोन वेळा कढत पाण्यात बसवल्याशिवाय घराबाहेर सोडणार नाही, आणि ज्या दिवशी तोटीतून गार पाणी येईल त्या दिवशी आपण दोघं गाडीत.

आणि नेमका तेव्हाच गॅसचा तुटवडा सुरू झाला. कंपनीकडूनच ट्रक येईनात. आमच्या दारात पहाटेपासून बायकांची रांग. रिकामे सिलिंडर रांगेत आणि बायका शेजारी आडोशाला बसलेल्या.

बापूसाहेबांची अवस्था बघवेना. भट्टी उभी राहिली होती, आता नुसती पेटवून, चालवून दाखवायची तेवढी राहिली होती. दोन-चार दिवसांचा प्रश्न. ते दोन-चार दिवस बाईंच्या तोटीवर टांगलेले! साकडं घालायला माणसांत कुणी उरलं नाही, तेव्हा ते नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे अण्णांच्या मेव्हणीबाई. परत आल्यावर मेव्हणीबाईंनीच आमच्या ऑफिसात सांगितलं.

"पुजाऱ्यांनी विचारलं, काय इच्छा धरून आलाय? लोक मूलबाळ मागतात, नोकरी मागतात. हे हात जोडून म्हणाले, गॅस! पुजारी म्हणाले, पोटातला असेल तर ओवा घ्या. महाराजांना कशाला त्रास देता?"

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, निदान गेटाबाहेरून जेवढा दिसला तेवढा.

बऱ्याच दिवसांनी एक ट्रक आला, तोही अर्धा. रांगेत आक्काताई पहिल्या. या शाहूपुरीतल्याच. अंगानं धिप्पाड, आवाज मैदानी. नळाला पाणी नाही आलं की नगरपालिकेवर जाणाऱ्या मोर्चाच्या पुढं त्याच असत. अण्णांनी काय केलं, तर मागच्या दारानं म्हादूच्या हातगाडीवर एक सिलिंडर घालून त्याला बंगल्याकडे काढून दिला. मागचं दार आणि पुढची रांग यांच्यामध्ये एक बोळ आहे, हे अण्णा विसरले. आक्काताई विसरल्या नव्हत्या.

"ए पैलवाना! कुठं निगालास?"

म्हादूला खोटं बोलता येत नसे. त्याचा कुस्तीतला मोठा दोष हाच, असं त्याचे वस्ताद म्हणत. "ताराबाई पार्कात. मडमबाईंच्या आंघुळीला."

आक्काताईंचा आवाज चढला.

"आईकलं का गं बायांनो? आमी चुली फुकून डोळं फोडून घ्याचं, आन् ती मडम गॅसनं आंघुळ करणार व्हय? चला गं! बगूच कोन बया हाय ती! पैलवाना, गाडी घे बरोबर. ह्यो सिलिंडर तितं लागायचा न्हाय!"

अण्णा पुढं झाले. "आक्काताई, जरा ऐका, परदेशी पाहुण्या आहेत त्या..."

"पावणी हाय तर आंघुळ गॅसवर कशाला पायजे? आमच्या पावण्यास्नी आमी बंबावर घालतो!"

दहा-पंधरा बायका, मध्ये गाडी आणि गाडीला धरून म्हादू, असा मोर्चा निघाला. मागून सायकलवर मी, माझ्या मागे कॅरिअरला अण्णा. निघताना अण्णांनी बापूसाहेबांना फोन केला होता. आम्ही पोचलो तेव्हा ते बंगल्याच्या गेटाशी उभेच होते, पांढरेफटक.

"संपलं," ते म्हणाले. "उद्या भट्टी पेटवायची होती. आता बाई घाबरतात, पेटी भरतात आणि रात्रीच्या गाडीनं जातात. साहेब फौंड्रीत आहे, त्याला पत्तासुद्धा नाही. अण्णा, भेळेला चुरमुरे कुठले चांगले?"

"थांबा हो," अण्णा म्हणाले. पण त्यांनाही पुढं जायचा धीर नव्हता.

आक्काताईंनी कडी वाजवली. दार बाईंनीच उघडलं. नाक लाल, अंगावर जाड लोकरी शाल. एका हातात ते पुस्तक.

आक्काताईंनी कमरेवर हात ठेवला आणि सुरुवात केली. चूल, धूर, डोळे, रांग, अण्णांचा कावा, बापूसाहेबांचं खानदान, सगळं आलं. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. त्या आक्काताईंचं तोंड बघत होत्या. मग मागच्या बायका बघितल्या. पहाटेपासून थंडीत बसून त्यांचेही हात काकडलेले, पायाला भेगा. आक्काताई दम घ्यायला थांबल्या, तेव्हा बाई काहीतरी हळूच बोलल्या आणि दुसऱ्या फळीची कडी काढून पूर्ण दार उघडलं.

आक्काताईंनी मागं वळून पाहिलं. "चला गं. बगू तरी यंत्र कसं असतंय!"

सगळ्या आत गेल्या. दार लागलं.

आम्ही तिघं गेटाशी आणि म्हादू गाडीपाशी. आतून आधी आक्काताईंचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला. बापूसाहेब म्हणाले, "पोलिसांना बोलवायचं का?" अण्णा म्हणाले, "कुणासाठी?" ऊन गेटावरून पायरीवर सरकलं. भिंतीतल्या नळीतून वाफ येत होती, ती थांबेना. मध्येच आत कुणीतरी खदाखदा हसलं. मग पुष्कळजणी हसल्या. मग बांगड्यांचा आवाज.

"हे काय चाललंय?" बापूसाहेब म्हणाले.

म्हादूनं कान टवकारले आणि तोंड फिरवून उभा राहिला. "मला काय इचारू नगासा, मालक."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बायका एकामागून एक बाहेर आल्या. न्हाण्याचा वारही नव्हता तो. पण सगळ्यांचे केस ओले, मोकळे, पाठीवर सोडलेले. चेहरे लालबुंद. एकीच्या डोक्याला मोठा फुलाफुलांचा टॉवेल. भोवती अशा साबणाचा घमघमाट, की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायचा थांबला. आमच्याकडं कुणी बघेना. गेटाबाहेर जाऊन त्या उन्हात केस झटकत उभ्या राहिल्या.

दारात बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, शालीवर कुणाचा तरी गजरा. त्यांनी हात हलवला आणि कामवालीकडून शिकलेलं असावं असं एक वाक्य मोठ्यानं म्हणाल्या,

"उद्या या की!"

बापूसाहेबांनी माझा दंड धरला. "उद्या म्हणाल्या ना? उद्याच म्हणाल्या?"

सगळ्यांत शेवटी आक्काताई आल्या. आल्या त्या थेट गाडीपाशी. अण्णा पुढं झाले. "हे बघा आक्काताई, हा सिलिंडर आम्ही परत नेतो. तुमचाच पहिला नंबर..."

"माजा कसला नंबर?" आक्काताई केस पिळत कडाडल्या. "त्या बाईचा सिलिंडर संपलाय न्हवं का! ए पैलवाना, बगत काय उबा ऱ्हायलास? हे आत घे आदी. आमचं काय, आमास्नी चुली हाईत की!"